अर्लसाहेबांची तोटी

साडेतीनशे वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाच्या तब्येतीची काळजी करणारा उभ्या अमेरिकेत एकच गृहस्थ असेल, आणि तो बॉथेलमध्ये आमच्या भिंतीला भिंत लावून राहायचा. शेजारच्या रेवतीचे सासरे, आमचे काका. नागपूरला एसटीच्या डेपोत आयुष्य काढलेलं, इतिहासाशी संबंध शाळेपुरता. काकू गेल्यावर मुलाने इकडे आणलं. गाडी चालवता येत नव्हती आणि टीव्ही सोसत नव्हता, तेव्हा एके दिवशी लायब्ररीने काढून टाकलेल्या पुस्तकांतून त्यांनी एक विटेएवढा ग्रंथ उचलून आणला. सतराव्या शतकातल्या कुठल्याशा इंग्रज अर्लचं, म्हणजे उमरावाचं, चरित्र. त्या दिवसापासून रेवतीच्या घरात माणसं पाच झाली: ती, नवरा, मुलगी, सासरे आणि अर्लसाहेब.

अर्लचं नाव काका कधी घेत नसत. "मोठ्या माणसाला नावाने हाक मारायची नसते," म्हणायचे. हा गृहस्थ आधी राजाच्या बाजूने लढला, मग राजाविरुद्ध, मग पुढच्या राजाला मानाने गादीवर आणणाऱ्यांत होता आणि शेवटी त्याच राजाने त्याला कैदेत टाकलं. मी एकदा म्हटलं, "काका, दलबदलूच की हो तुमचे अर्ल!" तर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी दारात येऊन म्हणाले, "तो तिथेच उभा होता. देश हलून राहिला होता." रोजचं वरण पातळ झालं तरी काका म्हणायचे, "अर्लसाहेबांनी कैदेत काय खाल्लं असेल!" आणि रेवती डाव आपटायची. नातीने इंग्लिशमध्ये विचारलं होतं की हे अर्ल आपले रिलेटिव्ह आहेत का. काकांनी जरा विचार करून "लांबचे" असं उत्तर दिलं.

पण खरी कमाल झाली ती पंच्याच्या प्रकरणात. काका आपला पंचा बाल्कनीत वाळत घालायचे आणि आमच्या एचओएला, म्हणजे घरमालकांच्या असोसिएशनला, बाल्कनीत कपडे दिसलेले खपत नसत. नोटीस आली. मुलगा म्हणाला, "बाबा, ड्रायर आहे ना, यार!" काकांना तो पराभव वाटला. त्यांनी मुलाला नियम बदलायचा ठराव मांडायला लावला आणि मीटिंगला स्वतः कोट घालून गेले. हात वर करून मतदान होतं, दोन्ही बाजूंचा एकेक मोजणारा. आमच्या बाजूने काका, पलीकडून एक आजी, ज्यांचं सगळं लक्ष कानातलं यंत्र नीट बसवण्यात होतं. आमच्या बाजूला ग्रेग नावाचा एक प्रचंड देहाचा सुतार बसला होता. काका "वन, टू, थ्री" करत त्याच्यापर्यंत आले आणि तिथून एकदम दहा आकडे पुढे गेले. आजींनी मान डोलावली. ठराव पास! मग अध्यक्षीणबाई बुचकळ्यात पडून म्हणाल्या की हॉलमध्ये तर इतकी माणसंच नाहीत.

काका उभे राहिले. "मॅडम, लॉर्ड्सच्या सभागृहात एका जाड्या लॉर्डला दहा मोजून कायदा पास केला होता म्हणतात. अवर अर्ल वॉज देअर."

रेवतीने पदर नव्हता म्हणून जॅकेटची टोपी तोंडावर ओढली. आणि मग ग्रेग हसायला लागला. खुर्ची करकरेपर्यंत हसला. फेरमतदान झालं तेव्हा तो मागे वळला आणि त्याच्या शनिवारच्या पत्त्यांच्या टोळीला त्याने नुसती भुवई उडवली. सगळे हात वर गेले. परत येताना काका शांतपणे म्हणाले, "बघ, मी मोजण्यात चुकलो नव्हतो."

त्या हिवाळ्यात काकांना ताप येऊ लागला. लिव्हरमध्ये गळू निघालं, पू काढायला पोटात नळी बसवावी लागली. आता गंमत अशी की अर्लसाहेबांनाही नेमकं हेच झालं होतं. त्यांच्या पोटाला चांदीची तोटी बसवली होती आणि शत्रूंनी तिच्यावरून त्यांची यथेच्छ टिंगल केली होती. काका आता डॉक्टरला चार तास व्याख्यान देणार, या भीतीने आम्ही हॉस्पिटलात गेलो, तर काका भिंतीकडे तोंड करून पडलेले. दुसऱ्या दिवशीही तसेच. रेवती घाबरली. शेवटी खुर्ची पलंगाजवळ ओढून तिनेच विचारलं, "बाबा, अर्लसाहेबांची तोटी किती दिवस होती?"

"मरेपर्यंत," काका म्हणाले. मग हळूच तिच्याकडे वळले. "माझी काढतील ना गं?"

"काढतील. आणि तुमची तर प्लास्टिकची आहे. चांदीची असती तर मीच काढू दिली नसती."

काका हसले, पोट धरून. त्या संध्याकाळी रेवतीने अर्लचं सगळं चरित्र मुकाट्याने ऐकलं, अगदी शेवटपर्यंत: वेष बदलून हॉलंडला पळून जाणं आणि तिथे परक्या गावात मरणं. तिथल्या लोकांनी त्यांना आपल्या शहराचा नागरिक करून घेतलं होतं, हे काकांनी दोनदा सांगितलं.

नळी निघाली, काका बरे झाले आणि म्हणाले, "मला नागपूरला सोडा." एअरपोर्टवर रेवती म्हणाली, "एप्रिलमध्ये या हं, बाबा." "येतो," ते म्हणाले. पण नागपूरच्या डॉक्टरांनी पुन्हा एवढा प्रवास करू दिला नाही.

आता रविवारी सकाळी मी रेवतीकडे चहाला जाते. नागपुरात तेव्हा रात्र पडलेली असते. तिने फोन मिक्सरला टेकवून ठेवलेला असतो आणि त्यातून काका अर्लसाहेबांनी राजाच्या भावाला गादी मिळू नये म्हणून केलेली सगळी भाषणं ऐकवत असतात. मग आवाज मंदावतो, वाक्य अर्धं राहतं आणि नुसतं घोरणं ऐकू येतं. रेवती फोन बंद करत नाही. गॅस बारीक करते, मला हाताने थांब अशी खूण करते आणि आम्ही दोघी कपांचा आवाज न करता चहा पितो.