खुला शेवट
कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास आला की मला जयपूरच्या शाळेतला सहावीचा वर्ग आठवतो. बाबा फौजेत होते. आदल्या हिवाळ्यात हिमकडा कोसळून त्यांची तुकडी गाडली गेली. बाकीचे सगळे सापडले, बाबा सापडले नाहीत. उन्हाळ्यातल्या एका दुपारी हिंदीच्या मॅडम फळ्यावर कथेचे घटक लिहीत होत्या: पात्र, संघर्ष, अंत. ‘अंत के बिना कहानी पूरी नहीं होती,’ त्या म्हणाल्या. मी उभी राहिले. ‘मॅडम, अंत पता ही न चले तो?’ आमच्या घरचं सगळ्यांनाच ठाऊक होतं. खडू खाली ठेवून मॅडम हळूच म्हणाल्या, ‘उसे खुला अंत कहते हैं, बेटा.’ घरी येऊन मी ते आईला सांगितलं. कणीक मळणारे तिचे हात थांबले. ‘खुला मतलब, ते येऊसुद्धा शकतात ना गं?’ तिनं विचारलं. तिचा चेहरा बघून मी ‘हो’ म्हणाले. त्या रात्री कितीतरी दिवसांनी ती पोटभर जेवली. आई आता फार थकली आहे. मी वाट पाहणं केव्हाच सोडलं, पण तिच्यासमोर तसं म्हणायचं धाडस मला अजून होत नाही.