सुपरग्रॅव्हिटीची शहापुरातली यादी

काम पुढे सरकत नसलं की किस्से साठतात. आमच्याकडे सहा वर्षांत एकच यादी झाली आणि किस्से ढीगभर! भोईर सर आता नाहीत. सांगायला दोघंच उरलो, मी आणि जयश्री.

सर शहापूरच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवायचे, मी त्यांच्या हाताखाली. जयश्री मुरबाडकडच्या एका डोंगरवाडीतली, सरांकडे पीएचडी करत होती. विषय गेज्ड सुपरग्रॅव्हिटी. नव्या माणसाला सर सांगायचे, "गुरुत्वाकर्षणाची एक थिअरी अकरा मितींत लिहिता येते. त्यातल्या सात मिती गुंडाळल्या की खाली चार मितींतली थिअरी उरते. पण चार मितींत तशा थिअऱ्या थेटही लिहिता येतात, भरपूर. त्यांची यादी करायची आणि त्यांतल्या कोणत्या खरंच वरून आल्या, ते तपासायचं." एवढंच!

*

सरांचे थोरले भाऊ मुरबाडला भात लावतात. बांधावर बसून त्यांनी हे सगळं नीट ऐकून घेतलं.

"सात कुठं गेल्या म्हनतोस?"

"गुंडाळल्या, दादा. इतक्या बारीक, की दिसत नाय."

"कोनी गुंडाळल्या?"

सर म्हणायचे, इतका अवघड प्रश्न मला एकाही सेमिनारमध्ये आला नाही!

*

जयश्री फेलोशिपच्या इंटरव्ह्यूला गेली. समितीतल्या एकांनी विचारलं, "याचा तुमच्या ग्रामीण भागाला काय उपयोग?"

"सर, गुरुत्वाकर्षण आमच्याकडे पण आहे."

सगळे मनापासून हसले. फेलोशिप मिळाली नाही. पुढचं वर्षभर ती सकाळी वाशिंदच्या एका कारखान्यात पॅकिंगला जायची आणि दुपारी आमच्याकडे यायची. बोटांना चिकटपट्टीचा डिंक तसाच.

*

चौथ्या वर्षी तिला चूक सापडली. यादीत बसायला प्रत्येक थिअरीने एक समीकरण पाळावं लागतं. त्या समीकरणात, खुद्द सरांच्या अक्षरात, वजाचं अधिक झालं होतं.

तीन दिवस ते तिने फक्त मलाच सांगितलं होतं. "तुमी सांगा ना सरांना."

"चूक तुला सापडली. तूच सांग."

तिने वही पुढे ठेवली. सरांनी दीड तास हाताने तपासलं, मग पेन घेऊन एकोणीस थिअऱ्यांवर काट मारली. जयश्री रडायला लागली.

"सर, यादीचा अख्खा दुसरा भाग गेला."

"गेला नाय गो. नव्हताच."

त्या दिवशी सर डबा न उघडताच घरी गेले.

*

उरलेली यादी छापायला पाठवायची, त्याच आठवड्यात परदेशातल्या एका गटाने तीच यादी इंटरनेटवर टाकली. सरांनी प्रिंट काढली. आपली यादी शेजारी ठेवून त्यांच्या एकेका ओळीवर खूण करत बसले. सगळं जुळलं.

"बघा, आपलं बरोबर होतं!"

आम्हाला हसूही येईना. मग सर वाकून म्हणाले, "एक त्यांच्याकडे नाय."

जयश्रीची पीएचडी आता त्या एका थिअरीवर उभी होती.

*

दीड महिन्यात सरांना पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि तोंडात एकच शब्द राहिला. नाय. चहा घेणार? नाय. दुखतंय का? नाय. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, समोर बसून म्हणाल्या, "मी कोन, सांगा बरं." सरांनी त्यांच्याकडे बघितलं. "नाय." काकू आत निघून गेल्या.

आठ महिन्यांनी जयश्रीची व्हायव्हा. कागदोपत्री गाइड आता मी होतो. "सर आले नाय, तर मी पण येणार नाय," ती म्हणाली. म्हणून आम्ही त्यांना व्हीलचेअरवरून आणून पुढच्या रांगेत बसवलं. मान एका बाजूला कललेली. काकू मधून मधून त्यांचं तोंड पुसत होत्या.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी शेवटचा प्रश्न विचारला, "ही जी तुमची नवी थिअरी आहे, ती अकरा मितींतून येते का?"

अख्खं एक प्रकरण त्यावरच होतं. प्रत्येक ओळ मी दोनदा तपासली होती.

"नाही येत, सर," जयश्री म्हणाली. "सिद्ध केलंय."

पुढच्या रांगेतून सरांचा आवाज आला, "हाय."