आईचं भजन आणि माझ्या खिशातली चौकोनी लाट

माझी आई आयुष्यात एकदाच रेडिओवर गायली, आणि आमच्या नाहूरच्या अख्ख्या बिल्डिंगमध्ये ते गाणं न ऐकलेला माणूस एकच. तो मी.

मी तेव्हा इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होतो, म्हणजे घरातली इस्त्री, मिक्सर आणि ट्यूबलाइट या तिघांचा कर्दनकाळ. माझा प्रोजेक्ट होता चौकोनी लाटा काढणारं सर्किट. एक टायमर चिप, दोन रेझिस्टर, एक कपॅसिटर, संपलं. पण आमच्या सरांचा दंडक होता, 'आधी कॉम्प्युटरवर चालवून दाखवा, मग सोल्डरिंगला हात लावा.' कॉलेजात कॉम्प्युटर एकच, तोही एसीच्या खोलीत, आणि आत जायचं चपला काढून (देवळात निदान प्रसाद तरी मिळतो). तीन आठवडे नंबर लावून मी प्रोग्राम चालवला आणि प्रिंटरने करकरत हातभर कागदावर फुल्याफुल्यांची लाट छापली. तो कागद मी घरी आणून आईपुढे पसरला.

"ह्या काय रे? किल्ल्याची तटबंदी?"

"आई, याला सिम्युलेशन म्हणतात. सर्किट बनायच्या आधीच ते पुढे कसं वागणार ते कळतं."

"मगे सुनेचा पण असा काय निघता काय बघ," आई म्हणाली आणि कागद डब्याखाली अंथरायला घेऊन गेली.

सर्किट खरंच कागदाप्रमाणे चाललं. मी ते साबणाच्या डबीत बसवलं, बॅटरी लावली, चालू असल्याचं कळायला लाल दिवा लावला आणि एक हातभर वायर बाहेर काढली. नादुरुस्त रेडिओच्या आत ही वायर टेकवत गेलं की टर्र असा आवाज येतो, आणि तो जिथे थांबतो तिथे बिघाड सापडतो. सरांना दाखवण्याआधी डबी सलग चार तास चालते का ते बघायचं होतं, म्हणून त्या बुधवारी सकाळी मी ती चालू करून शर्टाच्या खिशात टाकली आणि विसरलो.

आणि त्याच बुधवारी दुपारी साडेबाराला आईच्या भजनी मंडळाचा कार्यक्रम रेडिओवर लागणार होता. पंधरा मिनिटं, दोन भजनं, दुसऱ्यात आई मुख्य गाणार. टेपरेकॉर्डर कोणाकडे नव्हता, त्यामुळे एकदा लागणार आणि संपणार. बाबांची गिरणी बंद पडल्यापासून आमच्या घरात कोणी मोठ्याने हसलंसुद्धा नव्हतं. ते आता भांडुपला एका कारखान्यात वॉचमन होते. त्या दिवशी त्यांनी पाळी बदलून घेतली होती आणि दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून ते रेडिओसमोर बसले होते. यातच सगळं आलं.

निवेदिकेने मंडळाचं नाव घेतलं. मी कौतुकाने रेडिओला खेटून बसलो. टर्रर्रर्र!

"प्रकाश, बघ रे काय झालं," बाबा म्हणाले.

मी स्क्रू ड्रायव्हर घेऊन रेडिओचं मागचं झाकण उघडलं. जितका वाकलो तितका टर्र वाढला. "कंडेन्सर गेलाय," मी निदान केलं.

"अरे, आत्ता तर चालत होता."

"जायच्या आधी चालतातच, बाबा."

मी धावत शेजारच्या काकूंचा ट्रान्झिस्टर आणला. तोही टर्रर्र.

"दोन्ही एकदम गेले?" बाबांनी विचारलं.

"स्टेशनातच लोचा आहे," मी ठामपणे म्हणालो. पहिलं भजन अर्धं संपलं होतं.

आई इतका वेळ एकदा रेडिओकडे, एकदा माझ्याकडे बघत होती. ती शाळेत चौथीपर्यंत गेलेली, पण तिथे बसल्या बसल्या तिने जो प्रयोग केला तो मला डिप्लोमाला जमला नव्हता. "तू शेजारी गेलस तेवा ह्या गायत होता," ती म्हणाली. "तू इलस आणि बोंबलूक लागला. तू भायर जा."

"आई, असं काही नसतं. विज्ञान..."

"नसूंदे. तू जा."

मी अपमानित होऊन जिना उतरलो. मागे टाळांचा स्वच्छ आवाज सुरू झाला. योगायोग, मी मनात म्हटलं. तळमजल्यावर सावंतकाकांच्या खिडकीशी कान लावला, तर त्यांचाही रेडिओ टर्रर्र.

"कोण आहे रे तिकडे?" म्हणत काकांनी खिडकी लावून घेतली.

फाटकाबाहेरच्या पानवाल्याकडे गेलो. त्याच्याही ट्रान्झिस्टरची वाट लागली. "आगे जाओ भाई," तो म्हणाला. त्याला काय कळलं होतं देव जाणे. मी रस्त्याच्या वळणापर्यंत चालत गेलो. तिथे रेडिओच नव्हता, त्यामुळे काही बिघडलं नाही.

पावणेएक झाला. घाम पुसायला रुमाल काढायला गेलो आणि खिशातून लाल उजेड दिसला. हातभर वायर बाहेर लोंबत होती. कॉम्प्युटरने मला लाटेची उंची सांगितली होती, रुंदी सांगितली होती. ती वायरीतून बाहेर पडून माझ्याच आईच्या गळ्यावर बसेल, हे मात्र त्या फुल्यांत कुठेच नव्हतं.

घरी आलो तर खोली बायकांनी भरलेली आणि आईचा चेहरा मी कधी बघितला नव्हता इतका उजळलेला. सगळ्या गेल्यावर तिने विचारलं, "आयकलस मा?"

"ऐकलं ना. खाली. झकास झालं."

तिने माझ्या खिशाकडे बघितलं. "आधी तो दिवो बंद कर. आणि हय बस."

मी बॅटरी काढली. आईने कढईतले बांगडे उलटले आणि गॅससमोर उभ्यानेच ते दुसरं भजन पहिल्या ओळीपासून म्हटलं. बाबा दारात उभे राहून ताटावर ठेका धरत होते. मला रडू आलं आणि ते मी लपवलंही नाही.

प्रोजेक्ट पहिला आला. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, "याचा परिणाम किती लांबपर्यंत जातो?" मी म्हटलं, "सर, पानवाल्यापर्यंत मोजलाय." त्यांना ते फार आवडलं. आईला नाही आवडलं. आजही ती देवापुढे गुणगुणायला लागली की मी आधी खिसा चाचपतो, आणि ती गाणं न थांबवता मला दाराकडे बोट दाखवते.