काहीही न दिसलेले दिवस

दोन हजार पाचच्या जानेवारीत मी नेदरलँड्सच्या पूर्व टोकाच्या एका गावात नकाशे करायला शिकत होते. जर्मनीची हद्द इतकी जवळ, की लोक शनिवारी सायकलवरून तिकडे बाजाराला जायचे. पुण्यातली चार वर्षांची कॉम्प्युटरची नोकरी सोडून मी आले होते, आणि ती का सोडली हे मला तेव्हाही घरच्यांना नीट सांगता येत नव्हतं. ओळखीची मराठी माणसं सगळी अ‍ॅमस्टेलव्हीनला, आगगाडीने दोन तासांवर. माझ्या गावात पाचच्या आत अंधार आणि सहाला दुकानं बंद. शेजारच्या खोलीतल्या डच मुलीला एकदा चहाला बोलावलं, तर तिने डायरी काढून तीन आठवड्यांनंतरचा मंगळवार दिला. इथे त्याला आफस्प्राक म्हणतात, आधी ठरवलेली वेळ. त्या मंगळवारची मी तीन आठवडे वाट पाहिली. सांगायला लाज वाटते, पण पाहिली. ती आली, वीस मिनिटं बसली, छान बोलली आणि गेली.

त्याच सुमारास आमच्या संस्थेत दोन महिन्यांच्या कोर्ससाठी नामिबियाहून एक गृहस्थ आले. पन्नाशीचे, उंच, कोट वर्गातसुद्धा अंगात. पहिल्याच दिवशी कँटीनमध्ये ते ताट घेऊन सरळ माझ्या टेबलाशी आले आणि काहीही न विचारता बसले. मला रडूच यायचं बाकी होतं. पुढे मी त्यांना काका म्हणू लागले. अर्थ सांगितला तर म्हणाले, "बरोबर आहे. आमच्याकडे मोठ्या माणसाला नावाने हाक मारली की मार बसतो."

त्यांच्या कोरड्या मुलखात वस्त्यांनी मिळून आपल्या जमिनीवरच्या रानटी जनावरांची जबाबदारी घेतली होती. जनावरं राखा, वाढली तर त्यातली काही मांसासाठी तुमची, आणि ती बघायला येणाऱ्या पाहुण्यांचं उत्पन्नही तुमचं, असा सरकारशी करार. राखणदार गावानेच निवडलेले, शेळ्यांमागे हिंडत मोठे झालेले. काका त्या राखणदारांचे मुख्य. मी जिथून आले तिथे जंगल म्हणजे तारेचं कुंपण आणि प्रवेश बंदची पाटी. आत राहणाऱ्यांना बाहेर काढलं की जंगल वाचतं, असंच मी शाळेत शिकले होते. काका हे ऐकून हसले. "मग वाघांना कोण ओळखतं तुमच्याकडे?" 

प्रत्येक राखणदाराकडे एक वही असायची. ठरलेल्या वाटेने दिवसभर चालायचं आणि संध्याकाळी लिहायचं: हरणं किती, लांब सरळ शिंगांचे ओरिक्स किती, झेब्रे किती. एका दिवसाला एक पान. वर्षाअखेर सगळ्या वह्यांची बेरीज करून गावची सभा भरायची, आणि यंदा मांसासाठी किती जनावरं घ्यायची ते सरकारी अधिकाऱ्यासमोर तिथे ठरायचं. मूळ वह्या मुलखाबाहेर न्यायच्या नाहीत हा त्यांचा नियम. आकडे घेऊन गेलेले साहेब परत येत नाहीत, असा अनुभव. म्हणून काकांनी वर्षभराच्या झेरॉक्स प्रती पत्र्याच्या पेटीतून आणल्या होत्या. कॉम्प्युटरवर बेरीज करायला शिकून, मार्चमधल्या सभेत ती त्यांना मांडायची होती.

त्यांना शिकायचं होतं, आणि मला काय सुचलं तर मी म्हटलं, "द्या इकडे, मी दोन दिवसांत करून देते." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. खरं सांगायचं तर मदतीपेक्षा मला ती पेटी हवी होती. पेटी माझ्या खोलीत असली की काका रोज चौकशी करणार, आणि रोज कोणीतरी माझी चौकशी करेल.

पुण्याच्या कंपनीत माझं कामच ते होतं, घाणेरडा डेटा साफ करणं. रिकामी ओळ दिसली की उडवायची, हे हाताला इतकं बसलेलं की डोक्यापर्यंत पोचायचंच नाही. वह्यांमध्ये कितीतरी पानांवर नुसती तारीख आणि खाली एक आडवी रेघ. मला वाटलं, त्या दिवशी स्वारी गेलीच नाही, घरी झोपली. ती पानं मी बाजूला काढली, आणि पेटीत गर्दी नको म्हणून जुन्या कागदांच्या डब्यात टाकली. उरलेल्यांची टापटीप सारणी झाली. दिवसाला सरासरी किती जनावरं दिसली, तो आकडा मागच्या वर्षीपेक्षा चांगलाच वर गेला होता.

काकांनी तो कागद दोन्ही हातांनी धरला. पाऊस नीट झाला नव्हता, तरी जनावरं वाढली! त्याच दिवशी स्टेशनजवळच्या फोनच्या दुकानात जाऊन त्यांनी गावी कळवलं. एका वस्तीने लगेच शाळेच्या समारंभाला ओरिक्सच्या मटणाचं जेवण जाहीर केलं. त्या आनंदात काकांनी मला डच चीजचा अख्खा गोळा आणून दिला.

चार दिवसांनी, रविवारी, ते माझ्याकडे जेवायला आले. मी वरणभात आणि बटाट्याची भाजी केली होती. बोलता बोलता नवीन राखणदाराला काय शिकवतात ते सांगू लागले. "पाऊलखुणा शिकवाव्या लागत नाहीत. काही दिसलं नाही हे लिहायला शिकवावं लागतं. पोरगा उन्हात दिवसभर चालतो, एक शेपूटसुद्धा दिसत नाही. त्याला वाटतं, आपण कामचुकार ठरू. मग तो दोन हरणं बनवून लिहितो. मी सांगतो, रेघ मार. तू चाललास, आणि नव्हतं, हीच मोठी बातमी आहे."

मी हातातला घास ताटात ठेवला. रेघ म्हणजे सुट्टी नव्हे. रेघ म्हणजे दिवसभराची पायपीट. मी सगळे रिकामे दिवस काढून फक्त भरल्या दिवसांची सरासरी काढली होती. तिच्या भरवशावर गाव नसलेली जनावरं मारून खाणार होतं, आणि आकडा काकांच्या तोंडून गेला होता. उंटावरून शेळ्या हाकाव्यात तसं मी आठेक हजार किलोमीटरांवरून त्यांचं रान हाकलं होतं.

तरी मी त्या दिवशी बोलले नाही. सोमवारीही नाही. भीती त्यांच्या रागावण्याची नव्हती. दुसऱ्या दिवशी ते दुसऱ्या टेबलावर जाऊन बसले तर, याची होती. एका माणसाच्या सोबतीसाठी मी एका मुलखाची जनावरं पणाला लावून बसले होते. हे कळत होतं आणि तरी तोंड उघडत नव्हतं.

मंगळवारी सकाळी वर्गाबाहेर गाठून सांगितलं, एका दमात. ते कोटाचं बटण चाचपत ऐकत राहिले. मग एवढंच विचारलं, "कागद कुठे आहेत?" डबा आठवड्यापूर्वीच रिकामा झाला होता. ते वळले आणि वर्गात जाऊन बसले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

मूळ वह्या त्यांच्या ऑफिसच्या कपाटात होत्या, आणि ऑफिसात एक फोन होता. तीन दिवस दुपारी आम्ही त्या फोनच्या दुकानातल्या एका माणसापुरत्या काचेच्या खोक्यात दोघं दाटीवाटीने बसलो. पलीकडे एक राखणदार वही वाचायचा, काका तारीख इंग्रजीत म्हणायचे, मग "नाही." मी शून्य लिहायचे. पुढची तारीख. नाही. जुलै जवळजवळ सगळा तसा गेला. मध्येच लाइन तुटायची, पुन्हा लावायची. एकेका शून्यामागे कोणीतरी सूर्य डोक्यावर घेऊन चाललेलं, आणि त्यातल्या काहींची नावंही आता मला कळत होती, कारण काका प्रत्येक वही सुरू होताना कोणाची ते सांगायचे. एक वही एका आजोबांची होती, त्यांचा एक गुडघा गेलेला.

नवा आकडा मागच्या वर्षीपेक्षा खाली आला. काकांनी तिथूनच गावी सांगितलं. पलीकडचे आवाज मला खोक्यात ऐकू येत होते, आधी एक, मग तीन-चार, सगळे चढलेले. काका शांतपणे ऐकत होते. त्यांची भाषा मला येत नव्हती, पण माणूस शिव्या खातोय हे कळायला भाषा लागत नाही.

बाहेर पडल्यावर मी म्हटलं, "काका, त्यांना सांगितलंत ना, चूक माझी होती म्हणून?"

"नाही. माझी म्हणून सांगितलं."

"का? तुम्ही काय केलंत? सभेतही तुम्हालाच बोलणार सगळे. माझं नाव घ्या. मी पत्र लिहून देते, सही करून."

ते चालायचे थांबले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि दयाही नव्हती. मुलाला पाढा सांगावा तसं त्यांनी मला सांगितलं. "तुम्हाला तिथे कोणी ओळखत नाही. ज्याला ओळखत नाही त्याच्यावर रागावून माणसं काय करणार? तो राग जाणार कुठे? मला ते ओळखतात. सभेत बोलतील, वर्षभर बोलतील. जेवण हुकलं त्या वस्तीतल्या बायका तर माझ्या बायकोलाही ऐकवतील. आणि मग माझ्याच अंगणात येऊन चहा पितील."

 दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये ते माझ्याच टेबलावर बसले, आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात गेले. स्टेशनवर मी पोचवायला गेले होते. त्यांना सभेची धास्ती होती, ती चेहऱ्यावर दिसत होती. मला त्यांचा हेवा वाटत होता. गाडी गेल्यावर मी सायकल काढली आणि खोलीकडे निघाले. वाटेत बेकरी, गेमिंतेचं म्हणजे नगरपालिकेचं ऑफिस, लायब्ररी, सगळीकडे माणसं होती. कोणी मला वाईट वागवलं नव्हतं, कोणी कधी आवाजही चढवला नव्हता. सहा महिने झाले होते मला त्या गावात, आणि माझ्यावर रागावेल असं तिथे एकही माणूस नव्हतं.