दोन इंच की चार इंच

आमचे धाकटे बंधुराज पडदे विकतात. खिडकीचं माप घ्यावं, कापड दाखवावं, रॉड बसवून द्यावा, असा सरळसोट धंदा. दुकान मोठ्या रस्त्यावर, घर मागच्या गल्लीत, आणि या दोहोंमधला सगळ्यात दुर्गम प्रदेश म्हणजे शाळेसमोरचा गतिरोधक. एवढा पार करायला स्वारीने चारही चाकांना जोर असलेली, डोंगर चढणारी जीप घेतली. घरात कारण सांगितलं, रॉड टपावर नीट राहतात. रॉड कुठल्याही टपावर राहतात. पण मी मोठी बहीण असूनही तोंडाला कुलूप घातलं, कारण त्या जीपमुळे एक गोष्ट फार चांगली झाली होती.

आमचे वडील, अण्णा, जन्मभर छापखान्यात मशीन चालवायचे. म्हातारपणी झटका आला आणि उजवा पाय उचलेनासा झाला. टॅक्सीची सीट इतकी खाली की बसले तर उठता येईना. माझ्या स्कूटरचा तर प्रश्नच नव्हता. जीपची सीट मात्र बरोबर त्यांच्या कमरेशी यायची. दाराला धरायचं, सीटवर आडवं टेकायचं आणि विजारीला धरून उजवा पाय हाताने आत घ्यायचा. दर रविवारी बंधुराज त्यांना शहराच्या दुसऱ्या टोकाला सोडायचे. तिथे छापखान्यातला त्यांचा जुना जोडीदार अंथरुणाला खिळलेला होता. दोघे दुपारभर बुद्धिबळ खेळायचे आणि एकमेकांचा उद्धार करायचे. अण्णा आठवड्यात तेवढेच काय ते घराबाहेर पडत, आणि त्यासाठी शनिवारीच बूट पुसून ठेवत.

मग बंधुराज 'चिखलवीर' नावाच्या ग्रुपमध्ये शिरले. त्यात एक दातांचे डॉक्टर, एक शिकवणीवाले सर, एक रंगाचे दुकानदार आणि असेच आणखी काही साहसी गृहस्थ. सगळ्यांच्या गाड्या रविवारी धुऊन चकचकीत केलेल्या. या वीरांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं की जीपच्या दाराखालची पायरी काढून टाका, खडकाला अडकते. पायरी गेली. खडक अजून यायचा आहे.

दुसरा आदेश आला, गाडी उचलून घ्या. म्हणजे स्प्रिंगा आणि शॉकअब्सॉर्बर बदलून गाडीचं अख्खं धूड उंच करायचं, की पोटाला दगड लागत नाही. प्रश्न एवढाच होता, दोन इंच की चार इंच? या प्रश्नाने आमच्या घराचं वर्ष खाल्लं. चार इंच केलं तर ब्रेकचे पाइपही लांब करावे लागतात, वळणावर गाडी कलते, हे मला झोपेत विचारलं तरी सांगता येईल. जेवताना तेच, बिछान्यात तेच. भावजय बिचारी माहेरी गेली की फोनवरही तेच. दातांचे डॉक्टर म्हणाले, दोन पुरे. शिकवणीवाले सर म्हणाले, चार नसेल तर गाडी कशाला म्हणायची, खेळणं म्हणा. बंधुराजांनी गॅरेजवाल्याला विचारलं, पडद्यांच्या गिऱ्हाइकांना विचारलं, एकदा तर पत्ता शोधत आलेल्या परक्या माणसाला थांबवून विचारलं. अण्णांना विचारायचं मात्र त्यांच्या डोक्यातही आलं नाही.

शेवटी एका रविवारी सकाळी स्वारीने नामी शक्कल काढली. खिडकीवर ठोकायच्या इंचभर जाडीच्या फळ्या दुकानातून आणल्या आणि चारही चाकांखाली दोन दोन घालून जीप वर चढवली. आता फोटो काढायचे, मग चार चार फळ्यांवर चढवून पुन्हा काढायचे आणि ग्रुपवर मतदान घ्यायचं. अख्खी गल्ली कौतुकाने गोळा झाली. मीही होते, अण्णांचा डबा घेऊन.

तेवढ्यात अण्णा तयार होऊन बाहेर आले. बुद्धिबळाचा पट काखेत. त्यांना वाटलं, निघायची वेळ झाली. त्यांनी दार उघडलं, हँडलला धरलं आणि आडवं टेकायला गेले. सीट कमरेच्या वर गेली होती. त्यांनी टाच उचलून पाहिलं, डाव्या पायावर जोर देऊन पाहिलं, पट माझ्या हातात दिला आणि पुन्हा पाहिलं. जमेना.

"अण्णा, फोटोत येताय," बंधुराज मोबाइलआडून ओरडले, "जरा बाजूला व्हा ना!"

माझं डोकंच फिरलं. "अरे, त्यांना चढता येत नाहीये, दिसत नाही का तुला?"

"ताई, या फळ्या आहेत. खरी स्प्रिंग वजनाने थोडी दबते."

"किती दबते?"

"ते ग्रुपवर विचारतो."

"मग पायरी तरी परत लाव. नाहीतर एक स्टूल ठेव गाडीत."

बंधुराजांचा चेहरा असा झाला, जणू मी त्यांना गाडीला झालर लावायला सांगितली. "ऑफ-रोड गाडीत स्टूल? काहीतरीच काय बोलतेस!" आणि ते उरलेल्या फळ्या रचायला लागले. या मुलाला मी कडेवर घेऊन वाढवलंय. त्या क्षणी मला त्याची मनापासून लाज वाटली.

अण्णा ओट्यावर बसले आणि बघत राहिले. जीप चार फळ्यांवर चढली, फोटो निघाले, मतदान झालं. मतं सारखीच पडली. चिखलवीरांची मोठीच पंचाईत झाली. मग दातांच्या डॉक्टरांनी तोडगा सुचवला, घरातल्या वडीलधाऱ्यांचा कौल घ्या. बंधुराजांना ते एकदम पटलं. वर्षभरात पहिल्यांदाच ते हा प्रश्न घेऊन अण्णांसमोर येऊन उभे राहिले.

"अण्णा, तुम्हीच सांगा. दोन की चार?"

अण्णांनी जीपकडे पाहिलं, मग मुलाकडे.

"चार कर," ते म्हणाले. "मी तर दोन इंचांतच खाली राहिलो. माझं रविवारचं जाणं तिथेच संपलं. वरचे दोन तुला लखलाभ."

मला वाटलं, आता तरी याच्या डोक्यात प्रकाश पडेल.

बंधुराजांचा अंगठा मोबाइलवर तयार होता. "म्हणजे चारच ना, अण्णा? नक्की? टाकू ग्रुपवर?"

"टाक," अण्णा म्हणाले.