सही कुणाची, हप्ता कुणाचा

तुम्ही कधीच न काढलेलं कर्ज तुम्हाला कुणी फेडायला सांगितलंय का? आमच्या बचत गटात गेले वर्षभर हाच विषय. डहाणूजवळ मसोलीला आमची शेड आहे. दहा बायका चिकूच्या चकत्या करून उन्हात सुकवतो आणि हायवेवर विकतो. हात चालतात तसं तोंडही चालतं. संध्याकाळी साली टाकून देतो, किस्से मात्र घरी नेतो!

* * *

सुरुवात जमनीने केली. ती आमच्यात सगळ्यात लहान. टीव्हीवर ऐकून आली, की सरकारच्या कर्जाचा वाटा माणशी अमुक इतका येतो.

"मी कधी घेतलं? माझी सही दाखवा!"

मी समजावलं, "अगं, आपण निवडून दिलेल्यांनी सही केली, की ती आपलीच झाली."

"मग त्या मीटिंगचा चहा तरी मला पाजायचा होता!"

* * *

कुसुमकाकी वरोरच्या, गटात सगळ्यात मोठ्या. त्यांना नात झाली. बारशाला पाळण्यात वाकून म्हणाल्या, "बाळा, तुझं नाव ठेवायचंय अजून, आणि कर्जात वाटा आधीच!"

सून हसली. "आई, त्या रात्री रिक्षा वेळेत दवाखान्यात पोचली, तो रस्ता पण कर्जातलाच ना?"

काकींनी पाळण्याला दोन झोके दिले. "बरं. रस्त्यापुरतं फेडेल ही. बाकीचं हिला विचारून काढा म्हणावं!"

* * *

निवडणुकीत एक उमेदवार शेडवर आले. निवडून आलो तर घरटी एक मिक्सर, असं म्हणाले. आमच्या अध्यक्ष हेमाताई फार शांत. त्यांनी पाणी दिलं आणि विचारलं, "भाऊ, पैसे कोण भरणार?"

"सरकार भरेल, ताई!"

"म्हणजे आम्हीच. मग कंपनी आणि रंग आम्ही सांगू, लिहून घ्या!"

बिचाऱ्यांनी खरंच लिहून घेतलं.

* * *

आता शेवटचा. तो माझा सगळ्यात आवडता.

आमच्यात अध्यक्षपद पाळीने फिरतं. दर पाडव्याला जुनी अध्यक्ष शेडची चावी नवीला देते. यंदा पाळी जमनीची. तिचं माहेर तलासरीकडे, उधव्याला. तिच्या वडलांनी अख्ख्या पाड्यात सांगून ठेवलं होतं, पोरगी अध्यक्ष होणार!

पाडव्याच्या आदल्या दिवशी एका फायनान्सवाल्या कंपनीचे साहेब आले. चकत्या सुकवायच्या मशीनसाठी कर्ज मंजूर होतं. मशीन आम्हाला हवंच होतं, खोटं कशाला बोलू? आभाळ भरून आलं की चकत्यांना बुरशी धरते. हेमाताई तर तीन वर्षं त्या मशीनच्या मागे होत्या.

पण एक अट होती. कर्ज फिटेपर्यंत अध्यक्ष बदलायचा नाही.

कुसुमकाकी म्हणाल्या, "साहेब, अध्यक्ष आम्ही ठरवतो."

"ठरवा ना, काकी! फक्त कर्ज फिटेपर्यंत बदलू नका."

"म्हणजे जेवा, पण तोंड उघडू नका!"

साहेब हसले. "बाकीचे गट लगेच सही करतात. असं मशीन पुन्हा मिळणार नाही, ताई."

जमनी मान खाली घालून चकत्या कापत राहिली. तिने एकदाही वर बघितलं नाही.

शेवटी मत घ्यायचं ठरलं. आमची पद्धत अशी: टोपलीवर फडकं टाकायचं आणि एकेकीने खालून हात घालून एक चिकू ठेवायचा. कडक चिकू म्हणजे हो, पिकलेला म्हणजे नको. मोजणी त्याच दिवशी करायची नाही. रागाच्या भरात मोजलं तर भांडणं होतात, म्हणून टोपली रात्रभर शेडमध्ये कुलपात. एका रात्रीत कडक चिकू काही पिकत नाही.

दहाही जणींनी चिकू ठेवले. हेमाताईंनी सगळ्यात शेवटी ठेवला आणि कुलूप लावून चावी कमरेला खोचली.

"सकाळी सहीला येतो," असं म्हणून साहेब गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांसमोर फडकं काढलं. टोपलीत दहा चिकू होते, दहाही पिकलेले. हेमाताईंनी कमरेची चावी काढून जमनीच्या हातात दिली आणि चकत्या कापायला बसल्या.