रॅमशिवाय चाललेलं मशीन

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचते आणि नेमाने वैतागते. कुणाला वळणावर बाई दिसते, कुणाच्या घरात आपोआप नळ सुरू होतो... अहो, वॉशर बदला! आमच्या गल्लीत कुणी दाराला लिंबू-मिरची टांगली, तर ती मिरची काढून फोडणीत घालणारी बाई मी. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटते आहे. पण जे झालं ते चाळीसेक माणसांसमोर झालं, भर दुपारी झालं, आणि ते अजून माझ्या डोक्यातून जात नाही. म्हणून लिहिते. हसायचं असेल तर शेवटपर्यंत वाचून मग हसा.

साल १९९७, मे महिना. मी तेव्हा जळगावला एका पॉलिटेक्निकमध्ये लॅब असिस्टंट होते. कॉम्प्युटर घरी जोडायचं वेड तेव्हा आमच्याकडे नवीन होतं. मुंबईला जाणाऱ्या कुणाच्याही हातात यादी द्यायची – मदरबोर्ड, हार्ड डिस्क, रॅम – आणि ते सामान आलं की सणासारखं सगळ्यांनी जमायचं. जळगाव आणि धुळे मिळून आमचं एक हौशी मंडळ होतं. त्याचे प्रमुख धुळ्याचे राजमलशेठ. इलेक्ट्रिकच्या सामानाचं दुकान, घराणं मूळचं राजस्थानचं, पण मराठी आमच्यापेक्षा शुद्ध. माणूस काटेकोर.

हे मंडळ दर मे महिन्यात धुळ्याला एका मंगल कार्यालयात स्पर्धा भरवायचं. मेमध्येच का? तर राजमलशेठचं म्हणणं, जे मशीन खानदेशच्या उन्हात दुपारी बारा ते दोन चालेल ते कुठेही चालेल. हॉलमधले कूलर बंद! पंखे फक्त माणसांवर! सुरुवातीला राजमलशेठ स्वतः प्रत्येक मशीनच्या झाकणावर कागदी पट्टी चिकटवून सही करायचे, म्हणजे मध्येच कुणी उघडायला नको. मग सगळ्यांना एकसारखी फ्लॉपी. त्यातल्या प्रोग्रामने स्क्रीनवर आकडे मोजत राहायचे. आकडा थांबला की मशीन हँग, तुम्ही बाद. दोन तास टिकलं, की विजेत्या मशीनचं सगळ्यांसमोर झाकण काढून आतली जोडणी दाखवायची. त्याला आम्ही ‘दर्शन’ म्हणायचो. मग विजेत्याला मंडळाची ढाल.

आता भास्करभाऊंबद्दल सांगते. भाऊ आयटीआयमधून निवृत्त झालेले निदेशक. मूळ गाव पारोळ्याकडचं, घरात अहिराणी बोलायचे. मला सोल्डरिंग त्यांनीच शिकवलं. अर्ध्या जळगावचे रेडिओ-टीव्ही त्यांच्या हातून गेलेले. पण निवृत्तीनंतर हाताला कंप सुटला. आधी डाव्या, मग दोन्ही. आणि आदल्या वर्षीच्या स्पर्धेत, मशीन सुरू करून दहा मिनिटं झाली नाहीत तोच आतून धूर! एक वायर उलटी लागली होती. योगेश म्हणून धुळ्याचा एक तरुण इंजिनियर होता, मोठा हुशार आणि त्याहून मोठा आगाऊ. तो भर हॉलमध्ये म्हणाला, “भाऊ, आता बस्स झालं. घरी बसा, नातवंडं खेळवा.” हॉल हसला. भाऊही हसले... मी शेजारीच होते, ते कसे हसले ते मी पाहिलं. त्या वेळी योगेशच्या कानाखाली वाजवली नाही याचा मला आजही पस्तावा आहे.

त्यानंतर भाऊंनी हत्यारांची पेटी बंद करून माळ्यावर टाकली. सहा महिन्यांनी त्यांची बायको, म्हणजे आमच्या अक्का, माझ्याकडे आल्या. “पोरी, त्यासले काहीतरी कर वं. दिवसभर भिंतकडे देखत बसतस.”

मी गेले आणि भांडले. मला दुसरं काय येतं? म्हटलं, “तुम्ही नाही आलात तर मी एकटी मशीन जोडते आणि वायर मुद्दाम उलटी लावते!” तेव्हा कुठे पेटी खाली आली.

सगळा हिवाळा आम्ही खपलो. ४८६ प्रोसेसरचा बोर्ड, आठ-आठ एमबीच्या रॅमच्या दोन पट्ट्या. कॅबिनेट मात्र बाजारातलं नाही. भाऊंनी स्वतः कागदावर आकृती काढली आणि धान्याच्या कोठ्या आणि कूलर बनवणाऱ्या पत्र्याच्या कारागिराकडून ते करवून घेतलं. खालून हवा आत, वरून बाहेर, मध्ये दोन पंखे. दिसायला छोटी कोठीच! नाजूक तेवढं मी जोडायचे, बाकी भाऊ. निघायच्या आदल्या दिवशी भाऊ म्हणाले, “आते नही चालनं तर बठ्ठं सामान भंगारमा दी टाक.” म्हणाले, आणि तोंड फिरवलं. ते खरंच तसं करणार होते. हे मशीन धुळ्याला चाललं नाही तर हा माणूस पुन्हा हत्याराला हात लावणार नाही, हे मला माहीत होतं आणि अक्कांनाही.

जळगाव ते धुळे एसटीने. तेव्हाचा रस्ता तुम्हाला आठवत असेल तर पाठ आपोआप दुखेल. गचक्यांनी रॅम सैल होते, म्हणून आमची पद्धत अशी – निघण्याआधी रॅमच्या पट्ट्या काढायच्या, सिगारेटच्या पाकिटातल्या चांदीत गुंडाळायच्या, सुपारीच्या डबीत ठेवायच्या आणि पोचल्यावर परत बसवायच्या. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, रॅम म्हणजे काम करताना मशीनला लागणारी स्मरणशक्ती. ती नसेल तर ते सुरूच होत नाही. स्क्रीन काळी, आणि आतून नुसतं पीं-पीं-पीं.

धुळ्याला पोचायला उशीर झाला. मी मॉनिटर टेबलावर ठेवून स्टॅबिलायझर शोधायला पळाले. परत आले तर झाकणाचे स्क्रू घट्ट. मला वाटलं, भाऊंनी रॅम बसवून झाकण लावलं. तिकडे भाऊंनी झाकणावर माझा स्क्रू ड्रायव्हर पडलेला पाहिला. त्यांना वाटलं, मी बसवली. राजमलशेठ आले, पट्टी चिकटवली, सही केली.

बाराच्या ठोक्याला अकरा मशीन सुरू झाली. आमचंही झालं. सुरू होताना स्क्रीनवर मेमरीचा आकडा येतो, तो राजमलशेठ प्रत्येक मशीनपाशी थांबून वहीत लिहायचे. आमच्या नावापुढे त्यांनी लिहिलं – सोळा एमबी. ती वही मी नंतर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आहे.

अर्ध्या तासात तीन मशीन गेली. पाऊण तासात योगेशचं गेलं. बाहेरून आणलेलं चकचकीत कॅबिनेट, आणि आकडा गप्पकन थांबला! मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू, फार आनंद झाला. एक वाजून गेला, घाम डोळ्यांत उतरत होता, टेबलंसुद्धा तापलेली. मी आमच्या कॅबिनेटला हात लावला, तर माठासारखं गार. भाऊंच्या कानात म्हटलं, “तुमची हवेची वाट जमली हो!” भाऊ दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले होते, कंप दिसू नये म्हणून.

दोन वाजले. फक्त आमचं मशीन चालू होतं. बाकी दहाच्या दहा बंद पडलेली. मी काय ओरडले! एरवी मी सभ्य बाई आहे. लोकांनी भाऊंना उचलायचंच बाकी ठेवलं.

मग मशीन बंद केलं आणि ‘दर्शन’. राजमलशेठनी आधी सगळ्यांना पट्टी दाखवली. शाबूत, सहीसकट. ती फाडून त्यांनी झाकण काढलं. लोक पुढे वाकले... आणि योगेश म्हणाला, “रॅम कुठंय?”

दोन्ही खाचा रिकाम्या. स्वच्छ रिकाम्या.

मी भाऊंकडे पाहिलं, भाऊंनी माझ्याकडे. त्या एका नजरेत दोघांनाही कळलं काय घोळ झाला ते. मी पिशवी उलटी केली. डबी नाही. कार्यालयातल्या फोनवरून अक्कांच्या शेजारी फोन लावला. अक्का धावत आल्या आणि म्हणाल्या, “डबी? ती तर आठेच शे, फळीवर. तुम्ही लई नही गयात का?”

डबी जळगावात. आम्ही धुळ्यात. आणि मशीन दोन तास चाललेलं!

योगेश बिथरला. “लबाडी आहे! पुन्हा चालू करा, आत्ताच्या आत्ता.” केलं. स्क्रीन काळी आणि पीं-पीं-पीं. दहा वेळा केलं, दहाही वेळा तेच. “बघा! मी म्हणत नव्हतो?” तो ओरडला. तेव्हा राजमलशेठ शांतपणे म्हणाले, “योगेश, रॅमशिवाय मशीन दोन तास चालवायची लबाडी कशी करतात ते मला शिकव. आजपासून तू माझा गुरू.” हॉल असा हसला की विचारू नका. या वेळी हसणं दुसऱ्या बाजूला होतं. राजमलशेठ पुढे म्हणाले, “नियम काय? पट्टी शाबूत, मशीन दोन तास चालू. दोन्ही झालं. ढाल भाऊंची.”

माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, जिंकलो! कसं का असेना!

पण भाऊ उठले. ढालीला हात न लावता म्हणाले, “शेठ, हाई मनं नही शे.”

“म्हणजे?”

“मशीन मी जोडलं ते रॅम घेऊन चालायला. बिनरॅमचं जे चाललं, ते मी जोडलेलं नाही. कुणी चालवलं मला ठाऊक नाही. मला माझं मशीन चालवून दाखवायचंय.”

अहो, मला तर रडू आलं. रागाने! हातातली ढाल हा माणूस परत करतोय? मी त्यांचा सदरा ओढला. “भाऊ, गप्प बसा. हँग झालं तर?” त्यांनी सदरा सोडवून घेतला आणि हॉलला विचारलं, “कुणी रॅम देता का?”

कुणी हललं नाही. मग – मला हे लिहायलाच हवं – योगेश गेला, स्वतःच्या मशीनमधल्या दोन्ही पट्ट्या काढल्या आणि भाऊंच्या पुढ्यात ठेवल्या. 

ती पट्टी बसवायची म्हणजे तिरकी खाचेत धरायची आणि अलगद उभी करायची, दोन्हीकडच्या चिमट्यांचा ‘टक’ आवाज येईपर्यंत. सरळ हातालाही कधीकधी चुकते. मी सवयीने पुढे झाले. भाऊ म्हणाले, “हात लावू नको.”

पहिल्यांदा पट्टी घसरली. दुसऱ्यांदा खाचेच्या बाहेरच टेकली. त्यांची बोटं इतकी थरथरत होती की पट्टीचा पत्र्यावर खटखट आवाज येत होता, आणि तो चाळीस माणसांच्या त्या हॉलभर ऐकू येत होता. तिसऱ्यांदा त्यांनी डावा हात उजव्या मनगटावर घट्ट दाबला, श्वास रोखला... टक. मग दुसरी पट्टी. टक.

झाकणावर नवी कागदी पट्टी, नवी सही. तीन ते पाच, म्हणजे बारा ते दोनपेक्षा वाईट. भिंतीसुद्धा धगधगत होत्या. परतीची बस गाठायची होती, तरी एक माणूस उठून गेला नाही. कार्यालयाच्या आचाऱ्याने न सांगता सगळ्यांना ताक दिलं. मी कॅबिनेटला हात लावला. गरम! चांगलं चटका बसेल असं गरम. मशीन जसं तापायला हवं तसं तापलेलं, आणि वरच्या जाळीतून गरम हवा भसाभसा बाहेर. पावणेपाचला आकडा क्षणभर अडल्यासारखा वाटला, आणि पुढे धावला.

पाच वाजले. राजमलशेठनी घड्याळ पाहिलं, चष्मा काढून पुसला आणि हात वर केला. त्यानंतरचा गोंगाट मी आयुष्यात विसरणार नाही. योगेश भाऊंच्या पाया पडला. भाऊंनी ढाल घेतली. दोन्ही हातांनी, थरथरत, सगळ्यांसमोर. मांडीखाली लपवले नाहीत.

पुढे धुळ्या-जळगावात भाऊंच्या त्या कोठीछाप कॅबिनेटांसाठी रांग लागली. कितीतरी मशीन त्यांनी जोडली. रॅम शेवटपर्यंत स्वतःच बसवायचे.

आता जाणकारांनी मला पत्रं पाठवू नयेत. बोर्डवर मेमरी जोडलेली होती का? नव्हती. कॅशेवर, म्हणजे प्रोसेसरजवळच्या इवल्याशा मेमरीवर, चाललं असेल? कॅशेवर चालत नाही. झाकण उघडताना कुणी रॅमच्या पट्ट्या काढल्या? मग अक्कांच्या फळीवर काय होतं? घरी आल्यावर मी स्वतः महिनाभर रॅमशिवाय ते मशीन चालवून पाहिलं, बोर्ड बदलून, पॉवर बदलून. पीं-पीं-पीं, दुसरं काही नाही. मी शिकलेली बाई आहे, मला उत्तर हवं असतं, आणि या एका बाबतीत माझ्याकडे ते नाही. कुठल्या देवाचं, भुताचं नाव घ्यायला माझी जीभ आजही वळत नाही.

परतीच्या एसटीत मी भाऊंना एकदाच विचारलं. मांडीवर ढाल, खिडकीतून येणारा गरम वारा, आणि चेहऱ्यावर वर्षभरात न पाहिलेलं हसू. म्हटलं, “भाऊ, खरं सांगा, पहिले दोन तास ते कुणी चालवलं?”

भाऊ म्हणाले, “पहिला दोन तास कोनी चालाडं, माले मालूम नही. पुढला दोन तास मी चालाडं.”